कागदाचा ताव आणि कामगाराचे समाधान

जोयड्याच्या दाट रानातून वाहत येणारी काळी नदी दांडेलीस पोहोचते, तेथे तिच्या काठी वेस्ट कोस्ट पेपर मिल्सचा कारखाना उभा आहे. कंपनीची स्थापना १९५५ सालची. उत्तर कन्नडच्या जंगलातील बांबू हा तिचा आरंभीचा कच्चा माल. पुढे अन्य लाकूडही वापरात आले. अशा कोणत्याही कागद-कारखान्यात तावाचे वजन कमी-अधिक भरले, तर जाब कोणाला विचारावयाचा? यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला, असे उत्तर सहज सुचते. ते बहुधा चुकीचे असते.

बांबू कोवळा होता की जून, तो पुरेसा शिजला काय, लगद्यात पाणी किती, यंत्राची जाळी झिजली आहे काय, सुकवणीच्या रुळांना वाफ सारखी मिळते काय, यांवर तावाचे वजन ठरते. यांतील फार थोड्या गोष्टी त्या कामगाराच्या हाती असतात. एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाच्या अंदाजाप्रमाणे शंभरांतील ९४ अडचणी व्यवस्थेतून उद्भवतात, आणि व्यवस्था बदलणे हे व्यवस्थापकांचे काम होय. जे आपल्या हाती नाही त्याबद्दल रोज बोलणी खाणाऱ्याने समाधानी तरी कसे राहावे?

वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेखाची युक्ती काढली. ठराविक वेळाने नमुना तोलावा आणि त्याचा ठिपका दोन मर्यादारेषांमध्ये मांडावा. ठिपके कोणत्याही एका बाजूस न झुकता रेषांच्या आत हेलकावत असतील, तर यंत्रास हात लावू नये. उगाच फिरविलेली कळ बिघाड वाढविते. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले. हा आलेख तपासनिसाच्या कपाटात राहिला तर ती केवळ नोंद. कामगाराच्या हाती आला की तो स्वतःच आपल्या कामाचा परीक्षक होतो. मालही सुधारतो, आणि पाळी संपवून घरी जाणाऱ्याला आज काय साधले हे ठाऊक असते.

जपानमध्ये १९६२ पासून गुणवत्ता-मंडळे निघाली. एकाच विभागातील मूठभर कामगार एकत्र बसून आपल्या कामातील अडचणींचा शोध घेतात. भारतात हा उपक्रम १९८० साली भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या हैदराबाद येथील कारखान्यात सुरू झाला. मात्र सूचना फायलीत पडून राहिल्या तर अशा बैठका म्हणजे आणखी एक हजेरीच! अमेरिकेत १९८०च्या दशकात झपाट्याने निघालेली पुष्कळ मंडळे अशीच विझली. शिवाय बोनस टनांवर आणि प्रवचन गुणवत्तेवर असेल, तर कामगार बोनसचेच ऐकणार. त्यात त्याचा दोष नाही.

टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच कामगार दोरी ओढतो, आणि गरज पडल्यास सारी रांग थांबते. कागदयंत्राला अशी दोरी लावणे सोपे नाही. ते अखंड चालते. एकदा थांबले की ओला कागद पुन्हा रुळांवरून ओढून नेण्यात बराच वेळ जातो. म्हणून ठिपके मर्यादेकडे सरकू लागताच, पाळीप्रमुखाची वाट न पाहता, लगदा-विभागास थेट कळविण्याची मुभा यंत्रावरील कामगाराला असावी लागते.