वखारीसाठी बारकोड-यंत्रांची निवड
(ज्ञाति मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भांड्यांच्या आणि बांगड्यांच्या व्यापारात ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, त्या आपल्यासारख्या मंडळींपुढे एका निवृत्त शाळामास्तराने वखारीविषयी बोलावे, हे थोडेसे धाडसाचेच आहे. परंतु गेली काही वर्षे निरनिराळ्या पेढ्यांना मालाच्या याद्या लिहून देण्याच्या निमित्ताने आमचे वखारींत जाणे-येणे झाले; आणि बारकोड वाचणारी यंत्रे कोठे कामास येतात व कोठे कोनाड्यात धूळ खात पडतात, हे जवळून पाहावयास मिळाले. कार्यकारी मंडळाने त्याच विषयावर बोलण्याची आज्ञा केली, म्हणून आपल्यापुढे उभे आहोत.

हा विषय आता हौसेचा राहिलेला नाही. आमच्या पाहण्यातील एका पेढीत चाळीस वर्षे नोकरी केलेले एक वृद्ध गृहस्थ होते. कोणत्या नंबरची पातेली कोणत्या मांडणीवर, जाड गेजचे डबे कोठे आणि पातळ कोठे, हे सारे त्यांच्या एकट्याच्या डोक्यात. ऐन लग्नसराईत त्यांना पक्षाघात झाला व वाचा गेली. माल वखारीत असूनही गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणण्याची वेळ आली. मालकांनी तोच माल नव्याने खरेदी केला, आणि चार महिन्यांनी जुनी खोकी वरच्या मांडणीच्या मागून निघाली. अडकलेल्या रकमेवरील व्याजाचा हिशेब तेथे बसलेल्या मालकांनी आम्हांस मांडून दाखविला होता. तो येथे सांगण्याचे कारण नाही. आपल्यापैकी अनेकांच्या वखारीत असे एक गृहस्थ आज आहेत. त्यांच्या डोक्यातील वखार कागदावर व यंत्रावर उतरवून घ्यावयाची, ती ते कामावर असतानाच. यंत्राच्या निवडीचा विचार आम्ही या दृष्टीने करतो.

बारकोडाचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत वुडलँड आणि सिल्व्हर या दोघांना त्याचे पेटंट १९५२ साली मिळाले. परंतु स्वस्त लेसर व संगणक हाती येईपर्यंत त्याचा उपयोग बेताचाच राहिला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावी एका दुकानात च्युइंगमचे पुडके यंत्राखालून गेले, आणि हल्ली दुकानांत दिसतो त्या बारकोडाचा किराणा-व्यवहारात आरंभ झाला. रेघांच्या या पट्ट्यात मालाचे नाव नसते, किंमतही नसते. केवळ एक क्रमांक असतो. नाव, किंमत, शिल्लक हे सारे संगणकातील यादीत. यादी चुकीची असेल, तर यंत्र कितीही भारी असो, ते चूकच अधिक वेगाने करील.

दुकानातील मालावर जो १३ आकड्यांचा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे स्थान पडताळ्याचे आहे. शिक्षकाची खोड म्हणून एक उदाहरण सोडवून दाखवितो. ८९०१२३४५६७८९ हे पहिले बारा आकडे घ्या. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा अशा विषम स्थानांची बेरीज २८. सम स्थानांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या पूर्ण दहाला पोहोचण्यास काही कमी नाही, म्हणून तेरावा आकडा शून्य. मधला कोणताही एक आकडा चुकला की पडताळा जुळत नाही आणि यंत्र क्रमांक नाकारते. परंतु शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली आणि त्यांत पाचाचे अंतर असले, जसे १ आणि ६, किंवा २ आणि ७, तर हा पडताळाही फसतो. हाताने क्रमांक टिपणाऱ्या मनुष्याकडून अशी अदलाबदल नेमकी होते. यंत्र रेघा क्रमाने वाचीत असल्यामुळे त्याच्याकडून ती होत नाही. आरंभीचे ८९० हे आकडे भारतातील संस्थेने क्रमांक दिल्याची खूण आहेत. माल भारतात बनला असा त्यांचा अर्थ नव्हे; पुष्कळांचा तसा समज असतो. मोठ्या दुकानांना किंवा इंटरनेटवरील बाजाराला माल द्यावयाचा असेल, तर असा रीतसर क्रमांक जीएस१ इंडिया या संस्थेकडून घ्यावा. केवळ आपल्या वखारीपुरते क्रमांक मात्र आपले आपण ठरविण्यास मोकळीक आहे.

बांगड्यांच्या व्यापाऱ्यांना येथे एक इशारा देतो. आपली ‘दोन-चार’ची बांगडी म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, अर्थात सव्वादोन. ‘दोन-आठ’ म्हणजे अडीच. हेच माप संगणकात २.४ असे दशांश टिंब देऊन लिहिले, तर संगणक त्यास दशांशच समजतो. ‘दोन-दहा’ लिहावयास जावे तर २.१० चे तो परस्पर २.१ करून ठेवतो, आणि दोन निराळ्या मापांचा माल एका ओळीत येऊन बसतो. माप शब्दांत किंवा मध्ये आडवी रेघ देऊन लिहावे. हे ठरल्याखेरीज यंत्राच्या दुकानाची पायरी चढू नये, असे आमचे मत आहे.

आता लेबलाकडे वळू. यंत्र पसंत करताना लोक यंत्राकडेच पाहतात, परंतु वाचावयाचे असते ते लेबल. बारकोड वाचणे म्हणजे काळ्या रेघा आणि पांढऱ्या फटी यांवरून परत येणारा प्रकाश मोजणे होय. स्टीलच्या ताटावर तो प्रकाश आरशाप्रमाणे उलटून येतो, आणि यंत्र दिपून जाते. त्यास उपाय दोन. लेबलाचा कागद चकचकीत नसावा, आणि यंत्र समोर सरळ न धरता किंचित तिरपे धरावे. गोल तांब्यावर किंवा डब्यावर बारकोड कडेने गुंडाळला, तर टोकाकडच्या रेघा वळणाआड जातात. म्हणून रेघा शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे एकीवर एक येतील असा तो लावावा. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंस कोरी जागा राहिलीच पाहिजे. काटकसर म्हणून लेबल रेघेलगत कापणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. ते लेबल मग कोणतेही यंत्र वाचीत नाही. आणि खोक्यावर शोभेसाठी लाल शाईने बारकोड छापून घेण्याचा मोह टाळावा. बहुतेक यंत्रांचा प्रकाश लालच असतो. लाल प्रकाशात लाल रेघ पांढरी दिसते.

लेबलाचा कागदही दोन जातींचा असतो. दुकानातील पावती काही महिन्यांत पुसट होते, तो केवळ उष्णतेने उमटणारा कागद. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात तो मुळीच टिकावयाचा नाही. वर्षानुवर्षे राहणाऱ्या मालासाठी मेणाच्या किंवा राळेच्या शाईची फीत वापरणारा छापखाना घ्यावा. म्हणजे त्या जातीचा लहान प्रिंटर. येथे भगिनीवर्गाची एक तक्रार नोंदविणे आमचे कर्तव्य आहे. नव्या ताटावरचे चिकट लेबल नखाने खरवडून, पुढे तेलाने आणि गरम पाण्याने काढताना त्यांचा अर्धा दिवस जातो, आणि शिव्या मात्र दुकानदारास बसतात. वखारीपुरते लेबल खोक्यावर असले की पुरे. नगावर लावावयाचेच झाले तर सहज निघणाऱ्या गोंदाचे लावावे.

यंत्रांच्या निवडीत पहिला प्रश्न असा की, माल यंत्राकडे येतो की यंत्र मालाकडे जाते? दुकानाच्या गल्ल्यावर माल यंत्राकडे येतो. तेथे तारेचे साधे यंत्र उत्तम. ते संगणकास जोडले की टंकफलकाप्रमाणे वागते. क्रमांक जणू कोणी हाताने टंकित केला असा उमटतो. त्यास बॅटरी नाही, ते हरवत नाही आणि त्याची किंमतही सर्वांत कमी. याहून भारी यंत्र गल्ल्यावर घेणे म्हणजे उगाच खर्च.

वखारीत याच्या उलट. पन्नास हांड्यांची थप्पी उचलून टेबलाशी आणता येत नाही. यंत्रच घेऊन जावे लागते. बिनतारी यंत्र काही अंतरापर्यंत चालते. साध्या ब्लूटूथ यंत्राची मजल उघड्यावर सुमारे १० मीटर समजावी, आणि स्टीलच्या मांडण्यांमागे त्याहूनही कमी. शिवाय ते केवळ क्रमांक पाठविते; मांडणीपाशी उभ्या असलेल्या मनुष्यास उत्तर काहीच देत नाही. ‘हे खोके येथले नव्हे, पलीकडच्या रांगेतले’ असे जागच्या जागी कळावयास हवे असेल, तर पडदा असलेले हातातील संगणकयंत्र घ्यावे लागते. आपला मोबाइल फोन हेही काम करू शकतो, आणि दिवसास वीस-पंचवीस खोकी मोजावयाची असतील तर त्यावर भागवावे, असे आम्ही निःसंकोच सांगतो. परंतु फोनचा कॅमेरा प्रत्येक वेळी दृष्टी जुळवितो, त्यात क्षण दोन क्षण जातात. दिवसास पाचशे वाचने असतील, तर तेच क्षण साचत जातात आणि मनगट दुखते ते निराळेच.

वाचण्याच्या रीतीही दोन आहेत. लेसरचे यंत्र केवळ रेघांचा बारकोड वाचते, आणि फोनच्या काचेवरचा तर बहुधा नाहीच. दुसऱ्या जातीचे यंत्र रेघांचे छायाचित्र घेते. तेच चौकोनी क्यूआर चिन्हही वाचते, जे जपानमध्ये डेन्सो वेव्ह या कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांसाठी १९९४ साली काढले. फाटके, डागाळलेले क्यूआर चिन्हही मर्यादेपर्यंत वाचता येते, कारण त्यात दुरुस्तीची सोय मुळातच असते. आज नवीन घ्यावयाचे तर छायाचित्र घेणारेच घ्यावे. उंच मांडणीवरचे लेबल खाली उभे राहून वाचावयाचे असल्यास लांब पल्ल्याचे मागावे. साध्या यंत्रासाठी माणसाने शिडी चढावयाची, आणि कधीतरी तो वरून पडावयाचा, त्यापेक्षा ते स्वस्त पडते.

यंत्र पडणारच, हे धरून चालावे. माहितीपत्रकात किती उंचीवरून काँक्रीटवर पडून ते शाबूत राहिले, हे लिहिलेले असते. दीड मीटरच्या खालचे वखारीस उपयोगाचे नाही. ‘आय. पी.’ या अक्षरांपुढे दोन आकडे असतात, पैकी पहिला धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. पॉलिशच्या धुळीत काम चालत असेल तर पहिला आकडा ६ असावा. बॅटरी निघणारी असावी. कारण यंत्राचे आयुष्य संपण्याआधी बॅटरीचे संपते, आणि ती आत चिकटविलेली असली म्हणजे सारे यंत्रच टाकावे लागते. आणखी एक. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेली जुनी यंत्रे बाजारात स्वस्तात मिळतात. त्यांतील पुष्कळांत विंडोज एम्बेडेड हँडहेल्ड ही प्रणाली असते, आणि तिचा आधार मायक्रोसॉफ्टने २०२० साली बंद केला. असले यंत्र फुकट मिळाले तरी महाग आहे. नवे अँड्रॉइड यंत्र घेतानाही सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळतील आणि बॅटरी किती वर्षे मिळेल, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनाची किंमत आपल्या व्यापाऱ्यांना आम्ही काय सांगणार!

पत्र्याची भिंत, पत्र्याचे छप्पर आणि आत सगळे स्टील, अशा वखारीत वायफायच्या लहरी अडतात व परावर्तन पावून भरकटतात. म्हणून जोडणी तुटली असता वाचलेले क्रमांक आपल्या पोटात साठवून पुढे पाठविणारी योजना असल्याखेरीज यंत्र घेऊ नये. नाहीतर चाळीस खोकी मोजून झाल्यावर पहिल्यापासून मोजणी करावी लागते, आणि मग माणसे यंत्र ठेवून वहीकडेच परत जातात.

ती माणसे कोण, याचा विचार विक्रेता कधी करीत नाही. वखारीत भांड्यांचा खणखणाट चालू असतो. यंत्राची बारीक शीळ ऐकूच येत नाही. म्हणून ते हातात थरथरणारे व ठळक दिवा लावणारे असावे. पडद्यावरची अक्षरे मराठीत असावीत आणि चाळिशी लागलेल्या डोळ्यांना दिसतील एवढी मोठी. ज्यास वाचता येत नाही, त्याच्यासाठी मालाचे चित्र पडद्यावर यावे. मूठ पिस्तुलासारखी असली तर मनगटास सोपे जाते, परंतु एका हाताने परात सावरून दुसऱ्या हाताने वाचावयाचे असेल तर बोटात घालावयाचे लहान यंत्र अधिक बरे. मालकाच्या केबिनमध्ये, थंड हवेत, विक्रेत्याने आणलेल्या स्वच्छ लेबलावर प्रत्येक यंत्र चालते. ते दुपारी दोन वाजता वखारीत न्यावे. तेलकट, फाटकी, चकचकीत, गोलावर चिकटविलेली अशी आपली सर्वांत वाईट दहा लेबले काढावीत. आणि यंत्र मालकाने न धरता सर्वांत जुन्या नोकराच्या हाती द्यावे. आठवडाभर ते त्याच्यापाशी राहू द्यावे. त्याने नापसंत केले, तर ते कितीही नामांकित कंपनीचे असो, परत करावे. त्याच आठवड्यात एखाद्या शिकलेल्या मुलाने किंवा सुनेने त्याच्याबरोबर फिरून कोणती मांडणी, कोणता माल, हे यादीत उतरवून घ्यावे. ‘यंत्र आले म्हणजे आम्ही गेलो’ अशी भीती या मंडळींच्या मनात असते, आणि ती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. मालकांनी याविषयी आधीच स्पष्ट बोलावे. ज्याला उद्याच्या भाकरीची काळजी लागली आहे, तो आपल्या डोक्यातील वखार सांगून टाकील, ही अपेक्षा कशी करावी?

शेवटी एक सूचना. आपल्यातील लहान पेढ्यांना दोन-तीनच यंत्रे लागतात, आणि एवढ्याशा खरेदीत विक्रेता सवलत देत नाही, दुरुस्तीसही दाद देत नाही. एका गावच्या चार-पाच पेढ्यांनी मिळून एकाच बनावटीची यंत्रे घेतली, तर भाव कमी होईल, एक यंत्र सर्वांत मिळून शिलकी ठेवता येईल, आणि अडल्या वेळी शेजारच्या दुकानातून बॅटरी उसनी आणता येईल. ज्यांना हे मान्य असेल, त्यांनी आपले नाव, वखारीची लांबी-रुंदी आणि दिवसाला अंदाजे किती खोकी हलतात, एवढे मंडळाच्या कचेरीतील वहीत लिहून जावे. वही आज सायंकाळपर्यंत चिटणिसांच्या टेबलावर आहे.