पाकीट कुणाच्या हातात?

(महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील बचत गट व महिला मंडळांच्या संयुक्त बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



बैठकीचा विषय फळ्यावर पाहून मघाशी एकजण म्हणाली, "ताई, कुरिअर बरं की पोस्ट बरं, ह्यात बायकांचं काय आलं? हा तर दुकानदारांचा प्रश्न." तिला तेव्हा उत्तर दिले नाही. आता दोन गोष्टी सांगते, मग तुम्हीच ठरवा हा कुणाचा प्रश्न आहे ते.

पहिली गोष्ट पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. नवऱ्याने टाकलेली बाई, दोन मुले घेऊन माहेरी राहते. पोटगीचा दावा चालू आहे. वकिलांनी काही कागद सहीसाठी कुरिअरने धाडले. कुरिअरचा मुलगा वाडीपर्यंत चढला नाही. त्याने फाट्यावरच्या दुकानात पाकीट ठेवले, दुकानदाराचीच सही घेतली आणि तो गेला. दुकानदार तिच्या सासरच्या भावकीतला. पाकीट पुढे कुठे गेले हे सांगायला नको. कोर्टात कागद नाहीत म्हणून पुढची तारीख पडली आणि पोटगी लांबली. चौकशी केली तेव्हा कंपनीचे उत्तर एका शब्दाचे होते: "वितरित."

दुसरी गोष्ट एका बचत गटाची. बायकांनी कुरडया आणि नाचणीचे पापड मुंबईला पाठवायचे ठरवले. घरी वजन केले, तीन किलो भरले. कुरिअरवाल्याने पैसे लावले सात किलोंच्या वर. बायकांना वाटले काटा खोटा आहे. काटा खराच होता. तिथे खोक्याच्या आकारालाही वजन धरतात, आणि ते कुणी आधी सांगितले नव्हते. महिनाभराच्या कष्टाचा नफा खोक्यातल्या हवेच्या भाड्यात गेला.

एका बाईचा हक्क गेला, दुसरीकडे दहा बायकांची मजुरी गेली. म्हणून हा आपला प्रश्न आहे.

आपल्या भागाचे टपालाशी नाते जुने आहे. महाड-पोलादपूरचा पुरुष चाकरमानी म्हणून मुंबईला गेला आणि मागे राहिलेल्या बाईने शेत, गुरे, सासू-सासरे सांभाळले. तिचे घर मनीऑर्डरीवर चालले. टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली १८८० साली. पैसे ज्याच्या नावाचे त्यालाच द्यायचे, सही किंवा अंगठा घेऊनच द्यायचे, असा तिचा नियम. ज्या बाईच्या नावावर ना जमीन होती ना घर, तिचे नाव सरकारी कागदावर यायचे ते मनीऑर्डरच्या फॉर्मवर. अंगठा उठवून नोटा हातात घेताना ती निदान तेवढा वेळ कुणाची सून किंवा कुणाची बायको नसायची, पैसे घेणारी स्वतः असायची. पुढे ते पैसे सासऱ्याच्या कनवटीला जायचे हेही खरे. पण पहिल्यांदा तिच्या हातात यायचे.

त्या काळाचे गोडवे गायला मी आलेली नाही. पत्र वाचून घ्यायलाही दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागे. पण "ज्याचे नाव, त्याच्या हातात" हा नियम आपल्या फायद्याचा होता. तो नियम आज कोण पाळतो, या कसोटीवर कुरिअर आणि पोस्ट तपासू या.

पहिला मुद्दा, जातात कुठवर? देशात सुमारे १ लाख ६४ हजार डाकघरे आहेत आणि त्यांतली जवळजवळ नव्वद टक्के ग्रामीण भागात आहेत. पत्ता आहे तिथे टपाल पोचवणे हे सरकारी खात्याचे कर्तव्य मानले जाते, त्यात नफा असो वा नसो. खाजगी कंपनी हिशोब बघते. पोलादपूरचा ४०२३०३ हा पिनकोड फक्त बाजारपेठेचा नाही, आजूबाजूच्या गावांचाही आहे. कंपनी म्हणते "या पिनकोडवर सेवा आहे," आणि प्रत्यक्षात फोन येतो, "स्टँडवर या, पार्सल घेऊन जा." स्टँडवर येणे म्हणजे एसटीचे भाडे, बुडालेला रोज आणि घरी द्यावे लागणारे उत्तर: "कशाला गेली होतीस?" घरपोच म्हणजे घराच्या उंबऱ्यापर्यंत. पुरुषाला फाटा दोन मिनिटांवर असतो, बाईला तोच फाटा परवानगीच्या अंतरावर असतो.

दुसरा मुद्दा, देतात कुणाच्या हातात? आधी टपालातला बदल समजून घ्या. आपल्या ओळखीचे रजिस्टर पोस्ट आता वेगळे राहिलेले नाही, २०२५ साली ते स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. १ ऑक्टोबर २०२५ पासून नवे दर आहेत. ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला त्याच गावात १९ रुपये, बाहेर देशभरात ४७ रुपये, कर वेगळा. त्यावर ५ रुपये आणि कर भरला की "नोंदणी" मिळते, म्हणजे पाकीट ज्याचे नाव त्यालाच किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाला द्यायचे. हे पाच रुपये लक्षात ठेवा. काउंटरवर "स्पीड पोस्ट करा" एवढेच म्हटले तर ही सोय आपोआप मिळत नाही. "नोंदणीसह" असे सांगावे लागते.

तेवढ्याच पैशांत ओटीपीची सोयही आहे. फोनवर आकडा येतो, तो सांगितला की पाकीट मिळते. कुरिअरवालेही असा आकडा विचारतात. ऐकायला हे सुरक्षित वाटते. पण फोन कुणाचा? घरात एकच मोबाईल असेल तर तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. आकडा त्याला जातो. म्हणजे नाव तिचे आणि चावी त्याच्याकडे. ज्या मैत्रिणीचे घरात भांडण चालू आहे तिला ओटीपीने कागद पाठवू नका. तिथे नोंदणीच घ्या.

तिसरा मुद्दा कोर्टकचेरीचा. आपल्या केंद्रांवर येणाऱ्या निम्म्या प्रकरणांत कुठे ना कुठे एक पाकीट असते. जनरल क्लॉजेस अॅक्ट १८९७ च्या कलम २७ प्रमाणे, बरोबर पत्ता घालून, पैसे भरून नोंदणी टपालाने पाठवलेले पाकीट पोचले असे कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध होईपर्यंत. कुरिअरच्या पावतीला हे वजन आपोआप मिळत नाही. २००२ पासून दिवाणी समन्स कुरिअरनेही पाठवता येते, पण ते न्यायालयाने मान्य केलेल्या कुरिअरने. तेव्हा नोटीस पाठवायची असेल तर पोस्टाने नोंदणीसह पाठवा आणि पावती जपा.

आणखी एक. कोर्टाचे पाकीट आले की आपल्या बायका घाबरतात. "मला नको, परत न्या" म्हणतात. असे करू नका. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत गेले, तर समन्स बजावले गेले असेच दिवाणी न्यायालय धरते. मग आपल्या पाठीमागे निकाल होऊ शकतो. पाकीट घ्या, तारीख लिहून ठेवा आणि थेट केंद्रावर या.

कायद्याने आपल्याला काय मानले होते तेही ऐका. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, माणूस घरी नसेल तर समन्स घरातल्या "प्रौढ पुरुषाला" द्यावे असे होते. घरात शिकलेली बाई असली तरी तिच्या हातात कागद द्यायचा नाही! दिवाणी कायद्यात ही चूक १९७६ साली सुधारली. फौजदारी कायद्यात "पुरुष" हा शब्द जायला १ जुलै २०२४ उजाडावा लागला, नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तेव्हा. पाकीट कुणाच्या हातात द्यायचे हा प्रश्न क्षुल्लक असता तर तो शब्द एवढी वर्षे टिकला नसता.

चौथा मुद्दा, हरवले तर? इथे दोन्ही बाजूंनी सावध राहा. पोस्ट काही धुतल्या तांदळासारखे नाही. स्पीड पोस्ट हरवले तर भरपाई भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांतले जे कमी असेल तेवढीच. विमा उतरवला असेल तर गोष्ट वेगळी. कुरिअरच्या पावतीवर बारीक अक्षरांत कंपनीची जबाबदारी अमुक रकमेपुरतीच असे छापलेले असते. १९९६ साली एका विणमाल कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा अटीखाली पाठवणाऱ्याने सही केली असेल तर ती अट त्याला बांधते. तेव्हा सही करण्याआधी ते बारीक अक्षर कुणाकडून तरी वाचून घ्या.

खोक्याचे गणितही आजच शिकून जा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक कुरिअरकडे ५००० ने भागायचे. ४० बाय ३० बाय ३० चे खोके म्हणजे ३६,००० भागिले ५०००, सात किलो दोनशे ग्रॅम. आत तीन किलो कुरडया असल्या तरी! पापड एकावर एक घट्ट बसतात, कुरडया जागा खातात. खोके मालाच्या मापाचे घ्या, आणि आकाराला वजन धरता का, हे कुरिअर आणि पोस्ट दोन्हीकडे आधी विचारा. आमसुले मात्र छोट्या खोक्यातही जड होतात, तिथे खरे वजनच लागते.

पाचवा मुद्दा, पाकीट वाहतो कोण? शाखा डाकघर दिवसातले चार-पाच तासच चालते, कारण ते चालवणारे ग्रामीण डाक सेवक खात्याचे पूर्ण नोकर धरले जात नाहीत. १ जुलै २०१८ पासून चार तासांच्या कामाला डाक सेवकाचा मूळ भत्ता १०,००० रुपये आणि शाखा पोस्टमास्तरचा १२,००० रुपये ठरला. या जागांवर आता मुलीही येत आहेत, दहावीच्या गुणांवर निवड होते, प्रसूती रजाही मिळते. कुरिअरच्या मुलाला पार्सलमागे पैसे मिळतात. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, घसरून पडला तर हाडही त्याचे. वाडी चढून येण्यात त्याचे तीन पार्सलांचे पैसे बुडतात, म्हणून तो दुकानात ठेवून जातो. दोष त्याच्या पायांचा नाही, मजुरीच्या पद्धतीचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांचे नाव आले आहे. नावापुढे हक्क यायचे आहेत. आपले भांडण त्या मुलाशी नाही, हे पक्के ध्यानात असू द्या.

मग कुरिअर नकोच का? असे मी म्हणत नाही. महाडच्या बाजारपेठेतून मुंबईच्या दुकानाला माल जायचा असेल, घरून उचलून नेणारा असेल, तर कुरिअर जरूर वापरा. पण सगळे त्यांच्यावर सोपवून पोस्ट आपल्या डोळ्यांदेखत वाळू देणे परवडणारे नाही. १८९८ च्या कायद्याने पत्रे वाहण्याचा एकाधिकार टपालखात्याला होता. २०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ ला लागू झाला, त्यात तो राहिला नाही. डेन्मार्कमध्ये तर सरकारी मालकीच्या टपाल कंपनीने २०२५ च्या अखेरीस पत्रे पोचवणेच थांबवले, ते काम खाजगी कंपनीकडे गेले. तिथे रस्ते आहेत, घरोघरी संगणक आहेत. आपल्याकडे पावसात आंबेनळी आणि वरंध घाटांत दरड येते. २२ जुलै २०२१ ला महाड बुडाले आणि तळियेवर डोंगर कोसळला, तेव्हा किती घरांतल्या कागदांचा लगदा झाला ते तुम्ही पाहिले आहे. आधार, पासबुक, रेशनकार्ड, सगळे पुन्हा उभे करावे लागले. असा कागद उंबऱ्यापर्यंत आणण्याचे बंधन कुणावर तरी असलेच पाहिजे.

लहान तोंडी मोठा घास होईल, पण याच गावात बसून न सांगता राहवत नाही. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ ला माणसे चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्याली, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. नियम असतो, तो वापरावा लागतो.

तेव्हा आज उठण्याआधी एवढे ठरवू या. प्रत्येक गटाने एक वही करावी: काय पाठवले, कशाने, किती पैसे पडले, किती दिवसांनी, कुणाच्या हातात पोचले. पावत्या त्याच वहीत चिकटवाव्यात. पाकीट दुसऱ्याला दिले गेले की त्याच आठवड्यात लेखी तक्रार करावी, तोंडी नाही, आणि तक्रारीची पोच घ्यावी. आपल्या शाखा डाकघराचे तास कुठल्या वाड्यांना सोयीचे नाहीत ते लिहून महाडला निवेदन द्यावे. आणि सगळ्यात सोपे, तरी अवघड: प्रत्येकीने आपला पत्ता आपल्या नावाने घालायला शिकावे. "अमक्याच्या घरी" असे नाही. स्वतःचे नाव, वाडी, गाव, पिनकोड.

वही पुढच्या बैठकीला घेऊन या. त्यातले वाचूनच पुढचे बोलू.