समुद्रातील देवस्थान

१८४५ साली ‘फातेल रझाक’ जहाजातून त्रिनिदादच्या किनाऱ्यावर पहिले गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, हिंदी मजूर उतरले. परंतु उसाच्या मळ्यांभोवतीची बरीचशी जमीन कंपन्यांच्या मालकीची असल्यामुळे, त्यांच्या पुढील पिढ्यांनाही देवासाठी चार हात जागा मिळविणे दुष्करच होते. तेथील वॉटर्लू गावच्या सिवदास साधू या मजुराने १९४७ साली साखर कंपनीच्या जमिनीवर, समुद्रकाठी, लहानसे मंदिर उभारले. ते हटविण्याचा हुकूम त्याने मानला नाही, तेव्हा १९५२ साली मंदिर जमीनदोस्त करण्यात आले आणि साधूला दंडासह कैद भोगावी लागली. जमीन कंपनीची असेल, समुद्र तर तिच्या दप्तरी नाही, असे जाणून या निश्चयी पुरुषाने, ओहोटी लागली की सायकलीवर दगड, वाळू, सिमेंट लादून चिखलातून वाट काढीत, पारियाच्या आखातात भराव घातला, लोखंडी पिंपांत काँक्रीट ओतून पाया रचला आणि अनेक वर्षे हे काम बहुतांशी एकट्याने चालविले. मी त्यास थोर स्थापत्यकारच मानतो. पुढे लाटांनी ती वास्तू झिजविली. तथापि भारतीयांच्या आगमनास १५० वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १९९५ साली, सरकारी साहाय्याने तेथेच नवे मंदिर उभे राहिले, आणि आज भाविक पक्क्या वाटेने तेथपर्यंत चालत जातात.