रोपाला पाणी हवं, तशी हवाही
(देवपूर, धुळे येथील भाषणाचा सारांश)



पाऊस तोंडावर आला की आपल्यापैकी अनेकजण विचारतात, "पाड्यांवर लावायला यंदा किती रोपं द्यायची?" आज मी दुसरा प्रश्न मांडतो. दिलेल्या रोपांपैकी दिवाळीला किती जिवंत असतील?

आपल्याकडे पाऊस जेमतेम. त्यामुळे रोप मेलं की आपण म्हणतो, पाणी कमी पडलं. पुष्कळदा ते खरंच असतं. पण काही रोपं भर पावसात मरतात. पांझरा-तापीकाठची काळी माती ओली झाली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी खाली जिरत नाही. दोन-तीन दिवस झड लागली की रोपाच्या खड्ड्याचं डबकं होतं.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात वाट, खडकाळ जागा, काटेरी झुडपं आणि चांगली जमीन आहे. खान्देशातल्या शेतकऱ्याला आणखी एक जमीन माहीत आहे, ती म्हणजे चिबड.

बी रुजताना श्वास घेतं. एरवी मातीच्या कणांमधल्या पोकळीत थोडं पाणी, थोडी हवा असते. पोकळी पाण्यानं भरली की प्राणवायू अडतो, कारण पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मग बी कुजतं. उगवलेल्या रोपाची मुळं काळी पडतात, पानं पिवळी होतात, आणि पाण्यात उभं असूनही रोप माना टाकतं. गुदमरलेल्या मुळांना पाणी वर चढवता येत नाही. म्हणून तर शेतकरी पेरणीआधी वाफसा पाहतो.

सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांसाठी मोह म्हणजे घरचं अन्न आणि तेल. त्याचं बी जून-जुलैत, ऐन पावसात मिळतं आणि फार दिवस टिकत नाही. ते ताजंच लावावं लागतं. वाफ्यात पाणी साचून ते कुजलं, तर पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागतं. सागाचं बी रात्री भिजवून दिवसा वाळवतात. त्यालाही पाणी हवं असतं, पण अखंड नको.

उपाय साधे आहेत. रोपवाटिकेत गादीवाफे वीतभर उंच करावेत आणि मध्ये चर काढावेत. पिशवीच्या मातीत वाळू व चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं, पिशवीला तळाशी भोकं पाडावीत. बी दाट पेरू नये. दाट, ओल्या वाफ्यात बुरशीनं कोवळी रोपं बुंध्याशी कुजून आडवी होतात.

लावणीआधी दीड फुटाचा खड्डा खणून पाण्यानं भरावा. दुसऱ्या सकाळी पाणी तसंच दिसलं, तर तिथे साग, खैर, अंजन किंवा मोह लावू नये. त्यांना उताराची, निचऱ्याची जागा द्यावी. ओढ्याकाठी, सखल भागात अर्जुन, करंज आणि बाभूळ तग धरतात.

मोहाला फुलं यायला दहाएक वर्षं लागतात. आज मेलेलं रोप म्हणजे एका कुटुंबाची तेवढी वर्षं वाया. म्हणून माझी विनंती आहे, यंदा रोपं थोडी कमी द्या, पण गादीवाफे करायला आणि चर काढायला हात द्या. झड थांबली की पाड्यावर एक फेरी मारा, खड्ड्यात साचलेल्या पाण्याला वाट करून द्या. आणि दिवाळीला आपण लावलेली नव्हे, जगलेली रोपं मोजू या.