शहराच्या पोटातले पाणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते इतिहास शिकविताना राजा कोण होता यापेक्षा प्रजा पाणी कोठून पीत होती, हे आधी विचारीत. इस्तंबूल येथील भूमिगत जलाशयांच्या पायऱ्या उतरताना त्यांचाच प्रश्न मनात होता.

थिओडोसियसच्या नावाने ओळखला जाणारा पाचव्या शतकातील जलाशय ३२ स्तंभांचा. जीर्णोद्धारानंतर तो २०१८ मध्ये खुला झाला. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधविलेला येरेबातान मात्र अवाढव्य. नऊ मीटर उंचीचे ३३६ स्तंभ; त्यांपैकी दोहोंच्या तळाशी मेड्युसाची पाषाणमस्तके, एक आडवे, एक उलटे. भूकंपाच्या भयाने स्तंभ पोलादी सळयांनी बांधून घेतल्यावर २०२२ मध्ये तोही पुन्हा खुला झाला.

सोळाव्या शतकात पियेर जिल हा फ्रेंच विद्वान तेथे गेला, तेव्हा वरचे रहिवासी घरातल्या आडांत पोहरे सोडून पाणी काढीत, मासेही धरीत. परंतु आपल्या पायांखाली काय आहे, याची त्यांना वार्ता नव्हती.

हे वाचले तेव्हा मला हसू आले होते. तेथे उभा राहिलो आणि ओशाळलो. आपल्या शाळेच्या आवारातील विहिरीचे पाणी मी सहा वर्षे प्यालो. ती बुजविण्याचा ठराव झाला, तेव्हा मी सभेत होतो आणि गप्प बसलो. इस्तंबूलकरांना निदान ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते.

ती विहीर पुन्हा मोकळी करण्याचे आपण ठरविलेत, तर मातीचे पहिले घमेले मी उचलीन.