इंजिनाची ओळख

जुन्या मोटारीचें इंजिन निकामी झालें, कीं मालक तितक्याच शक्तीचें व मापाचें दुसरें इंजिन शोधूं लागतो. परंतु माप एक असलें, तरी सुटे भाग एक असतीलच असें नाहीं. चार सिलिंडरांच्या एमजीबी या ब्रिटिश मोटारीचें उदाहरण घ्यावें. १९६२ पासून १९८० पर्यंत तिचें इंजिन १७९८ घनसेंटिमीटरचेंच राहिलें. अंतरंग मात्र पालटत गेलें. आरंभींच्या ‘१८जी’ व ‘१८जीए’ इंजिनांत क्रँकशाफ्ट तीन मेन बेअरिंगांवर फिरे. १९६४ अखेरच्या ‘१८जीबी’पासून तीं पांच झालीं. अर्थात् एकाचा क्रँकशाफ्ट दुसऱ्यांत बसत नाहीं. १९६७ अखेर गिअरबॉक्स बदलला, तेव्हां फ्लायव्हील व इंजिनाची मागली प्लेटही निराळी झाली.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं इंजिनावरील पट्टी वाचावी आणि तींतील अक्षरें आपल्या गिअरबॉक्सशीं जुळतात काय, हें ताडून पाहावें. तथापि पट्टी एका इंजिनावरून काढून दुसऱ्यावर लावतां येते. शंका उरल्यास ऑइल चेंबर उतरवून बेअरिंगांच्या कॅप मोजाव्यात. एवढ्या श्रमानें मालकाचा मोठा भुर्दंड टळतो. पट्टी एखादे वेळीं फसवील. कॅपांची संख्या फसविणार नाहीं.