दात काढण्याआधी विचारा : भाषणाचा गोषवारा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत, सेनगाव)



आज बचतीचा नाही, दाताचा विषय आहे. पण पैशाशी त्याचा संबंध आहेच. आपल्या गटात कितीतरी जणी बोलताना तोंडावर पदर धरतात. समोरचा दात तुटलेला, काळा पडलेला. बँकेत सही करायला जायचं, मुलीच्या सोयरिकीत बसायचं, तर बाई बोलतच नाही. आणि दुखायला लागलं की आपण म्हणतो, "काढून टाका एकदाचा." माझं सांगणं एवढंच, की किडलेला किंवा तुटलेला प्रत्येक दात काढावा लागत नाही. मूळ चांगलं असलं तर बहुतेक वेळा तो वाचतो, आणि शेजारच्या दातासारखा दिसेल असा दुरुस्तही होतो.

कीड वरवर असेल तर ती कोरून भरतात. कीड नसेपर्यंत गेली असेल तर रूट कॅनॉल करतात. त्यानंतर दाढ ठिसूळ होते, म्हणून तिच्यावर कॅप बसवावी लागते. पैसे वाचवायला कॅप टाळली तर दाढ चिरते आणि आधीचा खर्चही वाया जातो.

आता निवड कशी करायची ते ऐका.

समोरच्या दाताला दाताच्याच रंगाचं मटेरियल भरतात, त्याला कंपोझिट म्हणतात. निळ्या लाइटने ते घट्ट होतं आणि काम बहुधा एकाच बैठकीत होतं. पण चहा, तंबाखू, मिसरी आणि आपल्या हिंगोलीची हळद यांनी त्याच्यावर हळूहळू डाग धरतो. म्हणून मिसरी सोडल्याशिवाय दिसण्यावर पैसे घालू नका.

दाढेच्या कॅपचे मुख्य प्रकार तीन. नुसत्या धातूची कॅप मजबूत असते, दात कमी घासावा लागतो, पण ती दिसते. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप दातासारखी दिसते, मात्र काही वर्षांनी हिरडीजवळ काळी रेघ दिसू शकते. झिरकोनियाची कॅप दातासारखी आणि मजबूतही असते, पण महाग पडते. अगदी मागची दाढ हसताना कुणाला दिसत नाही, तिथे धातूची कॅप लावून वाचलेले पैसे पुढच्या दाताला लावले तरी चालतं.

काळं-चंदेरी फिलिंग तुम्ही पाहिलं असेल. त्यात पारा असतो. पाऱ्याबाबतच्या मिनामाता करारात भारत 2018 साली सामील झाला. 15 वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांना ते भरू नये, असं 2022 मध्ये त्या कराराच्या देशांनी ठरवलं. म्हणून गरोदर असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा. जुनं फिलिंग शाबूत असेल तर मात्र घाबरून काढत बसू नका.

रंग निवडताना डॉक्टर रंगांची पट्टी दाताजवळ धरतात. नेहमीच्या पट्टीवर 16 छटा असतात. हे काम सुरुवातीलाच, उजेडात करायला सांगा, कारण तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकतो आणि आहे त्याहून पांढरा दिसतो. ओठाला लिपस्टिक असेल तर पुसा, भडक पदरावर साधं फिकट कापड घ्या. आणि सगळ्यात पांढरी छटा मागू नका. शेजारच्या दाताशी जुळते तीच खरी वाटते. कॅप पक्की चिकटवण्याआधी आरशात पाहा, दात दाबून पाहा. टोचत असेल तर तिथंच सांगा.

बाजारात बसून तारेने, मसाल्याने झटपट दात चिकटवून देणाऱ्याकडे जाऊ नका. तो दात काढून धुता येत नाही, खाली अन्न अडकतं, हिरडी सडते आणि शेजारचे चांगले दातही हलतात. डॉक्टरची नोंदणी विचारायला लाजू नका.

आधी आपल्या ग्रामीण रुग्णालयात किंवा हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. मोठ्या कामासाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. खाजगीत गेलात तर चार गोष्टी विचारा: दात वाचेल का? कोणकोणते पर्याय आहेत? प्रत्येकाचा सगळा मिळून खर्च किती? किती फेऱ्या लागतील? उत्तर कागदावर लिहून घ्या.

तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर दाताचं सौंदर्य राहू द्या, आधी ती दाखवा.

शेवटी गटाच्या अध्यक्षांना विनंती. म्हशीला कर्ज देतो, बियाण्याला देतो. बाईने दातासाठी अंतर्गत कर्ज मागितलं की आपणच म्हणतो, "हे काय नखरे?" जेवण नीट चावता येणं आणि चारचौघांत तोंड उघडून बोलता येणं, हा नखरा नाही बायांनो. डॉक्टरचा खर्चाचा कागद जोडलेला असेल, तर पुढच्या बैठकीत असा अर्ज बाजूला ठेवू नका.